दापोडीची चित्रे आणि कलाशाळांचे कर्तव्य

मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि महाराष्ट्रातील कलाशिक्षणाच्या चर्चेला पुन्हा तोंड फुटले. १८५७ पासून चालत आलेल्या या संस्थेला आपले अभ्यासक्रम स्वतः आखण्याची मोकळीक मिळाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. दुसरीकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात उपयोजित कला व डिझाइन शिकविणाऱ्या खाजगी संस्था वाढत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षणात कलेला मानाचे स्थान देण्याचा संकल्प सोडला आहे. या निमित्ताने अभ्यासक्रम, स्वायत्तता, शुल्क, पदव्या आणि नोकऱ्या यांविषयी पुष्कळ बोलले गेले. मात्र कलाशाळेत जे निर्माण होते ते कोणी पाहावयाचे आणि तेथे जे बोलले जाते ते कोणी ऐकावयाचे, हा प्रश्न या चर्चेत जवळजवळ उपस्थितच झाला नाही.

कलाशाळेचे वार्षिक प्रदर्शन कसे होते, हे शिक्षकवर्गाला ठाऊक आहे. वर्षभराच्या कामातील निवडक चित्रे आणि शिल्पे मांडली जातात, एखाद्या नामवंताच्या हस्ते दीपप्रज्वलन होते, पारितोषिके वाटली जातात. आठवडाभर विद्यार्थ्यांचे आईवडील, माजी विद्यार्थी आणि काही हौशी मंडळी येऊन जातात. मग चित्रे उतरविली जातात. व्याख्यानांची अवस्था याहून कठीण असते. पाहुण्या चित्रकाराचे व्याख्यान बहुधा कामाच्या दिवशी, भरदुपारी, संस्थेच्याच विद्यार्थ्यांपुढे होते. त्याची सूचना संस्थेच्या फलकावर लागते आणि तेथेच राहते. जे. जे.च्या वार्षिक प्रदर्शनाला शहरातील रसिक आवर्जून जातात, बडोद्याच्या ललित कला शाखेने आपल्या कलामेळ्याची परंपरा निर्माण केली, असे अपवाद आहेत. परंतु सर्वसाधारण स्थिती पाहता प्रदर्शन हा समारंभ आणि व्याख्यान हा उपचार मानला जातो, असेच म्हणावे लागेल.

वस्तुतः ही दोन्ही कलाशिक्षणाची अंगे आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाला जसे रुग्णालय, तशी कलाशाळेला प्रेक्षकशाळा. रुग्ण न पाहता झालेल्या डॉक्टरवर कोणी विश्वास ठेवणार नाही. प्रेक्षक न पाहता झालेल्या चित्रकाराबद्दल मात्र कोणाला काही वाटत नाही. प्रेक्षकावाचून चित्राचे काय होते, याचे एक उदाहरण पुण्याच्या वेशीवर, दापोडीत सापडते.

एडिंबरोला गेलेली चित्रे

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याला लागले आणि हॅरिस पूल ओलांडला की दापोडी येते. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळ वसलेल्या या गावाची आजची ओळख कारखानदारीची आहे. एस. टी.च्या गाड्यांचे सांगाडे जेथे बांधले जातात ती मध्यवर्ती कार्यशाळा येथे आहे. लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय येथे आहे. लोणावळ्याच्या लोकल गाड्यांचे स्थानक आणि दाट कामगारवस्ती आहे. दापोडीचा चित्रकलेशी काही संबंध असेल, अशी शंकाही कोणाला येणार नाही.

आणि तरीही तो आहे. पेशवाईच्या अखेरीस येथे कॅप्टन फोर्डच्या हुकमतीखालील पलटणींचा तळ होता. १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्या इंग्रजांना जाऊन मिळाल्या. पुढे येथील बंगला मुंबईच्या गव्हर्नरांच्या निवासासाठी घेण्यात आला आणि सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८२८ साली, तेथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. इंग्रजी कागदपत्रांत गावाचे नाव ‘दापुरी’ असे येते. १८३० च्या दशकाच्या अखेरीस या उद्यानाची सूत्रे अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरांकडे आली. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे गिब्सन. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात उद्यानातील आणि आसपासच्या वनस्पतींची सुमारे १७० चित्रे एका हिंदी चित्रकाराकडून काढवून घेतली. पान, फूल, फळ, बीज यांचे बारकावे जलरंगात टिपणारी ही चित्रे आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. त्या संस्थेचे अभ्यासक हेन्री नॉल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ती जगापुढे आली.

चित्रकाराचे नाव मात्र कोठेही नोंदलेले नाही. तो पोर्तुगीज-हिंदी वंशाचा असावा, एवढेच सांगितले जाते. १८६० च्या दशकात गणेशखिंडीत नवे राजभवन उभे करण्याचे ठरले आणि दापोडीची मालमत्ता विकण्यात आली. गणेशखिंडीतील त्या इमारतीत आज पुणे विद्यापीठाचे मुख्यालय आहे. दापोडीतील बाग संपली, चित्रे साता समुद्रापलीकडे गेली आणि ज्या गावाच्या नावाने ती अभ्यासकांच्या जगात ओळखली जातात, त्या गावाला आपल्याकडे असे काही घडले होते याची वार्ताही राहिली नाही.

हे एकटे उदाहरण असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. परंतु त्याआधी अर्धशतक, सवाई माधवरावांच्या काळात, पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने आणि जेम्स वेल्स या चित्रकाराच्या देखरेखीखाली पाश्चात्त्य पद्धतीची चित्रशाळा पुण्यात निघाली होती. तिच्यात तयार झालेल्या गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९० च्या दशकात वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. गंगारामचे नाव निदान टिकले. चित्रे मात्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुढे जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. महाराष्ट्रातील कलाशाळेने हाती घेतलेले ते पहिले मोठे सामूहिक काम म्हणावयास हरकत नाही. त्या प्रतिकृती लंडनला रवाना झाल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत त्यांतील पुष्कळशा जळाल्या. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या त्यापूर्वीच्या प्रतिकृतीही १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या होत्या.

एडिंबरोने दापोडीची चित्रे जपली, याबद्दल त्या संस्थेचे ऋण मानलेच पाहिजे. येथे राहिली असती तर वाळवीने खाल्ली असती, हा आक्षेपही अगदीच खोटा म्हणता येणार नाही. प्रश्न चोरीचा नाही. चित्रे काढणारे हात येथले होते, झाडे आणि लेणी येथली होती. पण काम सांगणारा, ते पाहणारा आणि त्याचे मोल ठरविणारा येथला नव्हता. ज्याच्यासाठी चित्र काढले गेले त्याच्याकडे ते गेले. यात अस्वाभाविक काहीच नाही. स्वाभाविक आहे म्हणूनच त्याचा विचार व्हावयास हवा.

परीक्षक हाच प्रेक्षक

चित्र साहेबाने नेले असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. कलाशाळा आपल्या आहेत, त्यांना अनुदान देणारे सरकार आपले आहे. तथापि विद्यार्थ्याने चार-पाच वर्षे खपून केलेले काम प्रथम आणि बहुधा अखेरचे पाहतो तो परीक्षक. त्याने गुण दिले की चित्र माळ्यावर जाते किंवा बाजारात. ज्यांना दालन मिळते, दलाल मिळतो, त्यांची चित्रे धनिकांच्या घरी जातात. इतरांची गुंडाळून ठेवली जातात. दोन्ही मार्गांनी गेलेले चित्र समाजाच्या नजरेस पडत नाही. गिब्सनच्या चित्रकाराला निदान एक जाणता मालक होता. आजच्या विद्यार्थ्याला गुणपत्रिका आहे.

या अवस्थेचे मूळ शाळेत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना दरवर्षी राज्यभरातून मोठ्या संख्येने मुले बसतात. या परीक्षांची श्रेणी दहावीच्या वाढीव गुणांशी जोडली गेल्यापासून पालकांचा उत्साह आणखी वाढला. परंतु यांतील किती मुलांना एखादे चांगले मूळ चित्र समोर उभे राहून पाहण्याची संधी मिळते? पाठ्यपुस्तकातील पुसट छापाखेरीज त्यांनी काही पाहिलेले नसते. पोहणे शिकविण्यासाठी पाण्याची गरज असते हे सर्वांना मान्य आहे. चित्रकला मात्र चित्रावाचून शिकविता येते, असा आपला समज आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असलेल्या शाळेसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक पुरेसा मानला. चित्रकलेचा तास हा गणिताच्या शिक्षकाने उसना घ्यावयाचा तास होऊन बसला, याचे नवल वाटावयास नको.

लोकांना गोडी नाही?

याविषयी बोलू लागले की कलाशाळांकडून ठरावीक उत्तर येते. लोकांना गोडी नाही, प्रदर्शन कितीही उघडे ठेवा, येणार कोण? आणि आले तरी त्यांना आजची कला कळणार कशी?

यातील पहिला भाग इतिहासाला धरून नाही. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली चित्रशाळा काढली आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे छापून घरोघर पोहोचविली. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईहून हलला तो मळवलीला आला. दापोडीवरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर हे स्थानक आहे. तेथे छापलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती देशभरच्या देवघरांत गेल्या. पुढच्या पिढीत दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांसाठी दिवाळी अंकांची वाट पाहिली जात असे. मराठी मध्यमवर्गाला आणि कामकऱ्यालाही चित्राची भूक होती. ती छापखान्यांनी ओळखली. कलाशाळांनी ओळखली नाही.

दुसऱ्या भागात तथ्य आहे. रविवर्म्याची दमयंती पाहणाऱ्याला नलाची कथा ठाऊक होती. चित्र कळण्याचे निम्मे काम कीर्तनकाराने आधीच केलेले होते. आजच्या चित्रात कथा नसते. अमूर्त चित्र, मांडणशिल्प, पडद्यावर चालणारी दृश्ये यांच्यापुढे सामान्य प्रेक्षक गोंधळतो आणि आपल्याला यातले काही समजत नाही, असे म्हणून मागे फिरतो. तो गोंधळ प्रामाणिक असतो. त्याची टवाळी करण्याचा अधिकार कलावंताला नाही. नेमकी येथेच व्याख्यानाची गरज निर्माण होते. जुन्या चित्रामागे कीर्तनकार उभा होता. नव्या चित्राशेजारी कोणी उभे राहावयाचे, हे कलाशाळेने ठरवावयास हवे.

प्रदर्शन आणि व्याख्यान यांची जोडी कलाशाळेइतकीच जुनी आहे. लंडनची रॉयल अकादमी १७६८ साली स्थापन झाली; दुसऱ्याच वर्षी तिचे पहिले सार्वजनिक प्रदर्शन भरले आणि त्याच वर्षी तिचे अध्यक्ष जोशुआ रेनल्ड्स यांनी आपले पहिले प्रवचन दिले. १७९० पर्यंत त्यांनी अशी पंधरा प्रवचने दिली. ती ग्रंथरूपाने आजही वाचली जातात. ज्या साम्राज्याने मुंबईला कलाशाळा दिली, त्याने आपल्या घरी कलाशाळेबरोबर प्रेक्षक आणि श्रोताही घडविला होता. आपण त्यांतील शाळा तेवढी उचलली.

श्रोत्याची तर महाराष्ट्रात वाण कधीच नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला पाहून गावोगाव व्याख्यानमाला निघाल्या. अर्थशास्त्र, अध्यात्म, इतिहास, परराष्ट्रनीती, कोणताही विषय मराठी श्रोत्याने दीड दीड तास निमूटपणे ऐकला आहे. चित्रकलेवरील व्याख्यान मात्र क्वचितच. आणि झालेच तर समोर चित्र नसते. जे. जे.मध्ये शंकर पळशीकर, संभाजी कदम यांच्यासारखे चिंतनशील अध्यापक होऊन गेले. अशा अध्यापकांचे विचार त्यांच्या विद्यार्थ्यांना लाभले. शाळेत चित्रकला शिकविणाऱ्या शेकडो शिक्षकांपर्यंत ते पोहोचले असते, तर आज चित्र वेगळ्या तऱ्हेने शिकविले गेले असते.

भाषेचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. छायाप्रकाश, पोत, अवकाश, रचना असे शब्द मराठीत रुळले आहेत. मांडणशिल्पासारखा नवा शब्दही सहज स्वीकारला गेला. तरीही प्रदर्शनातील चित्रांखालच्या पाट्या आणि पुस्तिका इंग्रजीत असतात, आणि ती इंग्रजीही अशी की इंग्रजीच्या प्राध्यापकाने हात टेकावेत. मराठीत बोलावयाचे ठरविले की वक्त्याला आपल्याला काय म्हणावयाचे आहे हे प्रथम स्वतःशी स्पष्ट करावे लागते. सार्वजनिक व्याख्यानाचा हा लाभ श्रोत्यापेक्षा वक्त्याला अधिक आहे.

कारखान्यांच्या परिसरात

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला. पुढे मोटारी, स्कूटर आणि त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि उद्योगांचा पट्टा चाकणपर्यंत वाढला. या परिसरात कलेचे काय काम, असे विचारले जाते. कारखान्यातून थकून आलेल्या माणसाला अमूर्त चित्र दाखविणे म्हणजे त्याची थट्टा होय, असेही काहींना वाटते.

यामागे कामगाराविषयी एक गैरसमज आहे. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाची नजर अडाणी नसते. फिटरच्या हाताला सूतभर फरक कळतो. पत्र्याला बाक कोठे द्यावा, जोड कोठे उघडा पडेल, रंगाचा दुसरा हात केव्हा मारावा, हे एस. टी.च्या कार्यशाळेतील कारागिराला जितके कळते तितके अनेक समीक्षकांना कळत नाही. लोखंडी पत्र्याचे शिल्प त्याच्यापुढे ठेवले तर त्यातील कच्चा सांधा तो पहिल्या नजरेत ओळखील. त्यातून काय सूचित होते हे त्याला सांगावे लागेल. पण ते कसे घडले हे तोच विद्यार्थ्याला सांगू शकेल. असा प्रेक्षक मिळणे हे कलाशाळेचे भाग्य होय. प्रदर्शन लोकांकडे नेणे हा लोकांवर केलेला उपकार नव्हे. विद्यार्थ्याला परीक्षकाकडून न मिळणारे शिक्षण त्यातून मिळते.

जर्मनीतील बाउहाउस या विख्यात कलाशाळेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९१९ साली वायमार येथे निघालेल्या या शाळेकडे थुरिंगियाच्या सरकारने चार वर्षांतच हिशेब मागितला: आमच्या पैशातून तुम्ही काय केले, ते दाखवा. त्यातून १९२३ चे मोठे प्रदर्शन उभे राहिले. संचालक वॉल्टर ग्रोपियस यांनी कला आणि तंत्रविद्या यांच्या नव्या ऐक्यावर व्याख्यान दिले. चलनफुगवट्याने जर्मनी पोळत असताना हे सारे झाले. त्या प्रदर्शनाने शाळा वाचली असे नाही. प्रांतातील सत्ता बदलली, अनुदान कापले गेले आणि १९२५ साली शाळेला देसाऊच्या औद्योगिक गावी जावे लागले. परंतु कारखान्याशी नाते जोडणारी कलाशाळा म्हणून तिची जगभर ओळख झाली ती त्या हिशेबामुळेच. याच शाळेतील चित्रकारांची कामे १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. वायमारहून कलकत्त्याला चित्रे येऊ शकली. मुंबईहून दापोडीला येण्यास काय अडचण आहे?

उघड्या दाराची किंमत

दार उघडे ठेवण्यात धोका नाही असे मात्र कोणी म्हणू नये. २००७ च्या मे महिन्यात बडोद्याच्या ललित कला शाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवर बाहेरून आलेल्या मंडळींनी आक्षेप घेतला; एका विद्यार्थ्याला अटक झाली आणि पुढे प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले. ना. श्री. बेंद्रे यांच्यासारख्या मराठी चित्रकाराने ज्या संस्थेच्या घडणीत मोलाचा वाटा उचलला, तेथे हे घडले. तेव्हापासून अनेक संस्थाचालकांना प्रदर्शन म्हटले की प्रथम पोलीस आठवतात.

या प्रकरणातून दार लावून घ्यावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. परीक्षेसाठी मांडलेले काम आणि लोकांसाठी भरविलेले प्रदर्शन यांत संस्थेने स्पष्ट भेद केला पाहिजे. पहिले उत्तरपत्रिकेसारखे आहे. त्यावर परीक्षकाखेरीज कोणाचा हक्क नाही आणि त्याचे रक्षण करणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे. दुसऱ्याविषयी प्रश्न विचारण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे, आणि उत्तर देण्यास अध्यापक तेथे हजर असला पाहिजे. आक्षेपाला प्रथम संस्था उत्तर देईल, विद्यार्थ्याला एकटे सोडणार नाही, हा नियम आधीच लिहून ठेवलेला असावा. शिवाय ज्या संस्थेत आजूबाजूची माणसे वर्षानुवर्षे येत-जात असतात, तिच्या बाजूने बोलणारे कोणी तरी असते. जिचे दार एरवी बंद असते, तिच्याकडे येणारा पहिला पाहुणा संतापलेलाच असण्याचा संभव अधिक.

काय करता येईल?

मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. साताऱ्यालगतच्या औंधसारख्या लहानशा संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली डोंगरावर संग्रहालय उघडले, आणि रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची कृतीही त्या खेड्यात आली. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हे खरे. पण चित्रे माणसांजवळ असावीत हा त्यांचा आग्रह अनुकरणीय आहे. एका संस्थानिकाला जे सुचले ते लोकनियुक्त महापालिकांना आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना सुचू नये, हे खेदजनक आहे.

अनुदानित कलाशाळांनी वर्षातील किमान काही दिवस, रविवारी आणि संध्याकाळी, नोकरदारांना जाता येईल अशा वेळी प्रदर्शन खुले ठेवावे. पाट्या मराठीत असाव्यात. विद्यार्थ्याने स्वतःच्या चित्राशेजारी उभे राहून लोकांशी बोलावे आणि त्याला त्याचे गुण मिळावेत. अध्यापकांची व्याख्याने चित्रांसमोर व्हावीत आणि परिसरातील शाळांच्या कलाशिक्षकांना त्यांचे रीतसर निमंत्रण जावे. वार्षिक प्रदर्शनाचा एक भाग उचलून कामगारवस्तीतील शाळेत, नगरवाचनालयात किंवा कार्यशाळेच्या आवारात आठ दिवस मांडावा. यास लागणारा खर्च एका उद्घाटन समारंभाच्या मंडपातून भागेल. अनुदान देताना सरकारने निकालाची टक्केवारी विचारते त्याप्रमाणे हेही विचारावे: यंदा तुमचे काम कोणी पाहिले आणि कोठे?

आणि आरंभ दापोडीपासून करता येईल. एडिंबरोतील चित्रे परत मागण्याचा वाद घालण्याची गरज नाही. त्यांच्या उत्तम छापील प्रतिकृती मिळविणे आजच्या काळात अवघड नसावे. त्या दापोडीच्या एखाद्या महापालिका शाळेत मांडाव्यात. एका वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडांविषयी आणि एका चित्रकाराने रेषेविषयी बोलावे. पुण्यातील आणि मुंबईतील कलाशाळांनी आपल्या विद्यार्थ्यांना तेथे पाठवून याच परिसरातील आजच्या वनस्पतींची चित्रे काढावयास लावावीत, आणि ती जुन्या चित्रांशेजारी लावावीत. १ ऑगस्ट २०२३ पासून दापोडीला मेट्रोचे स्थानक आहे. शिवाजीनगरहून तेथे पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. गिब्सनच्या चित्रकाराचे नाव यामुळे सापडणार नाही. परंतु दापोडीच्या शाळेतील एखादी मुलगी ती चित्रे पाहून वहीच्या मागच्या पानावर संगमाकाठचे एखादे झुडूप काढील, आणि ते चित्र कोणाला दाखवावयाचे हा प्रश्न तिला पडणार नाही, इतकी व्यवस्था कलाशाळांना निश्चित करता येईल.